निरभ्र संध्याकाळचं वादळ

२१ मार्च

प्रिय फ्यूजबाई,

कट्ट. कट्ट-कडकट्ट. कट्ट.

आज पहाटे या आवाजानं जाग आली. म्हणजे आवाज कुठंच नव्हता. साठ-बासष्ट वर्षांपूर्वीचा तो, कानाच्या कुठल्याशा कोनाड्यात राहून गेलेला. तुझे आजोबा तारमास्तर. तारघराच्या मागच्या खोलीत आमचं बिऱ्हाड, मधे नुसती फळ्यांची भिंत. पलीकडे ते पितळी यंत्र दिवसभर बोलायचं, अलीकडे मी नि तुझी आई अभ्यासाला बसायचो. त्या वर्षी गुरुजींनी आम्हाला लघु-गुरू शिकवले होते, त्यामुळे मला तारेतही कविता ऐकू यायची. मी पाटीवर खुणा करायचो नि वृत्त शोधत बसायचो. तुझी आई म्हणायची, "कुणाचं तरी माणूस आजारी असेल, नि हा त्या तारेला चाल लावतोय!"

एका दुपारी बाबांनी बॅटऱ्या सोडवून धुवायला काढल्या. काचेची भांडी ओसरीवर ओळीनं वाळत होती. यंत्रात विजेचा टिपूस नव्हता, आणि ते आपणहून वाजायला लागलं. कट्ट-कडकट्ट. बाबा ओल्या हातांनी तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, "ये रे कवी, शोध तुझं वृत्त." मी तासभर कान लावून बसलो. शेवटी सांगितलं, "बाबा, हा मुक्तछंद आहे." ते खो खो हसले नि म्हणाले, "ही तार सूर्याकडून आलीय. याला पत्ता नसतो, मजकूर नसतो." पुढे चुंबकीय वेधशाळेत मी चाळीस वर्षं काढली ती त्या एका दुपारीपायी.

आता वेधशाळा नाही, पण बरणी आहे. तुला दाखवली होती ती. आत रेशमी दोऱ्याला टांगलेलं चुंबक, चुंबकावर नखाएवढा आरसा. आरशावर दिवा धरला की समोरच्या भिंतीवर उजेडाचा ठिपका पडतो, आणि पृथ्वीचं चुंबकत्व जरा हललं की तो सरकतो. मी त्याची जागा वहीत लिहीत असतो. कशाला, असं विचारू नकोस. काही म्हातारे कबुतरांना दाणे घालतात.

काल मात्र त्या ठिपक्याची पार दशा झाली. समोर बसलो होतो नि तो एकदम उडाला, थरथरला, भिंतीवर सैरावैरा धावायला लागला. कुठं लोखंड आलं म्हणून घरभर शोधलं. शेवटी जिन्यात धडाम आवाज झाला, बाहेर आलो तर हे थोरलं लोखंडी कपाट! वरच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात, त्यांचं. मी म्हणालो, "बाई, तुमच्या कपाटानं माझी पृथ्वी हलवली." त्या म्हणाल्या, "मग ती जरा बाजूला घ्या, हमाल खोळंबलेत." मी संध्याकाळच्या सगळ्या नोंदी लाल रेघेनं कापल्या, 'रद्द, लोखंड' असा शेरा मारून सही केली, बरणीवर कापड टाकलं नि रुसून बसलो. अजून रुसलेलाच आहे.

तुझ्या विजेच्या राज्यात काय चाललंय? कळव.

तुझा मामा


२५ मार्च

प्रिय मामा,

फोनवरच सांगितलं असतं, पण तुला ऐकू येत नाही नि तू "हो हो, छान छान" म्हणतोस. हे छान नाही, म्हणून लिहितेय. आईला बोलू नकोस.

मला कंट्रोल रूममधून काढलंय. सध्या स्टोअरमध्ये गंजलेल्या नटबोल्टांच्या पेट्यांशेजारी बसते.

वीस तारखेला संध्याकाळी माझी पाळी होती. सबस्टेशनांशी बोलायची आमची लाइन अचानक खरखरायला लागली. पाच सव्वीसला माझ्या मोबाइलवर डोंगराकडच्या सबस्टेशनच्या ऑपरेटरकाकांचा फोन आला. "मॅडम, ट्रान्सफॉर्मर ओरडतोय. तीस वर्षांत असा ओरडला नाही. पोटात कळ आल्यासारखा." मी मीटर पाहिली, सगळी शहाण्या मुलांसारखी जागच्या जागी. पण आमची मीटर फक्त हेलकावणारी वीज मोजतात. संथपणे एकाच दिशेनं येणारी त्यांना दिसतच नाही. मी काकांच्या कानांवर विश्वास ठेवला आणि तिथून शहराला वीज आणणारी लांब लाइन बंद करायला लावली. शहर दोन तास चाळीस मिनिटं अंधारात राहिलं. दवाखान्यांचे जनरेटर चालले, देवाची कृपा. लिफ्टमध्ये सोळा माणसं अडकली, आणि त्या सोळांत आमचे सर्वांत मोठे साहेब!

चौकशी बसली. समितीतले एक साहेब म्हणाले, "वादळ? अहो, त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं." ट्रान्सफॉर्मर उघडून तपासला, ठणठणीत निघाला. तो ठणठणीत आहे म्हणून मी घाबरट ठरले. जळला असता तर शाबासकी मिळाली असती.

त्या दिवशी जगभरच्या वेधशाळांनी चुंबकीय वादळ टिपलंय. मी कागद दाखवले. ते म्हणतात, "ते ध्रुवांकडचं असेल. इथलं काही दाखवा." इथं आता वेधशाळा कुठाय? आहे ती तुझी बरणी, सबस्टेशनपासून दहा मैलांवर.

म्हणून विचारते, नीट आठवून सांग. ठिपका किती वाजता उडाला? आणि कपाट किती वाजता आलं?

अठरा एप्रिलला सुनावणी आहे. त्या दिवशी ठरेल, मी पुन्हा त्या खुर्चीवर बसणार की कायमची स्टोअरमध्ये. तुला माहितेय मामा, ती खुर्ची मला का हवी ते. एवढ्या मोठ्या प्रदेशाची वीज समोरच्या भिंतीवर श्वास घेताना दिसते तिथून.

तुझी,
फ्यूज


३० मार्च

प्रिय फ्यूजबाई,

पत्र वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. पाच वर्षांची असताना आईची हेअरपिन भिंतीतल्या भोकात घालून तू अख्खं घर अंधारात लोटलंस तेव्हापासून तुला हे नाव आहे. पण या वेळचा अंधार शहाणपणाचा आहे. तू केलंस ते बरोबर केलंस.

डोळे मिटून बघ. सूर्यावरून सतत एक वारा सुटलेला असतो. त्याला ना आवाज, ना धूळ. पृथ्वीचं चुंबकत्व छत्रीसारखं त्याच्या आड उभं असतं. ढगांच्याही खूप खूप वर, पृथ्वीच्या कमरेभोवती, विजेची एक अदृश्य कडी फिरत असते. एखादा झोत जोराचा आला की छत्री दबते, कडीतली वीज फुगते, आणि त्या विजेचं स्वतःचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वातून वजा व्हायला लागतं. तिकडे ध्रुवांकडे आकाशात हिरवे पडदे झुलतात. इकडे आपल्या पायांखाली, जमिनीत, एक वीज जागी होते. खडकांतून, ओल्या मातीतून ती वाट शोधत निघते. तुमची लांबलचक तार म्हणजे तिला आयता रस्ता. एका टोकाला जमिनीतून वर चढते, दुसऱ्या टोकाला उतरते. ट्रान्सफॉर्मरला हेलकाव्यांची सवय. झुलत्या पाळण्याला कुणी एका बाजूला ओढून धरलं तर तो कुरकुरणारच. तुमचे काका ते कुरकुरणं ऐकत होते.

आम्हाला चौथीला वाऱ्याची एक कविता होती. ओळी गेल्या, चाल राहिलीय. गुरुजी छडीनं टेबलावर ठेका धरायचे नि आम्ही सगळे झुलायचो. या वाऱ्याची कविता मात्र कुठल्याच इयत्तेला नव्हती.

कपाटाचं म्हणशील तर ते विसर. ते कपाटच होतं. मी जन्मभर लोखंड ओळखत आलोय. आमच्या वेधशाळेच्या खोपीला पितळी खिळे होते, आत जाताना पट्टे नि किल्ल्या बाहेरच्या तबकात ठेवाव्या लागत. तुझी मामी म्हणायची, "हा माणूस जवळ येण्याआधी माझ्या केसांतल्या पिना मोजतो." तेव्हा या बाबतीत माझ्यावर भरवसा ठेव. वेळेचं आता लक्षात नाही.

जेवत जा वेळेवर.

तुझा मामा


३ एप्रिल

मामा,

सूर्य, वारा, छत्री, पाळणा, गुरुजींची छडी, सगळं आलं पत्रात. मी विचारलं होतं तेवढंच नाही आलं.

जो माणूस शिंक आली तरी वहीत वेळ लिहितो, त्याच्या लक्षात नाही?

काल ऑपरेटरकाकांचा जबाब झाला. "फोन मी तेलाची पातळी सांगायला केला होता. आवाज वगैरे काही आठवत नाही." माझ्याकडे न बघता बोलले. बाहेर पडताना त्यांची चप्पल दाराशी अडकली, ती सोडवायलासुद्धा थांबले नाहीत, तसेच फरफटत गेले.

आता माझ्या बाजूनं बोलणारं कुणी नाही. तुला काही सांगायचं नसेल तर सांगू नकोस, पण मला कविता नको पाठवूस.

फ्यूज


७ एप्रिल

प्रिय पोरी,

लक्षात नाही हे खोटं लिहिलं. वेळ वहीत आहे, पाच बावीस. कपाटाची वेळ मला ठाऊक नव्हती, आणि ती विचारायला मी वर गेलो नाही. बावीस पायऱ्या आहेत, फार नाहीत.

भीती कसली, तेही सांगतो. तो ठिपका सूर्यानं उडवला असेल, तर काय झालं? ज्याची जन्मभर वाट पाहिली तो समोर आला, आणि मी त्याला कपाट समजून लाल रेघ मारली. भांडलो, रुसलो, वर कापड टाकलं. वेधशाळेत नवख्या पोरानं असं केलं असतं तर त्याला मी महिनाभर बोलून घेतलं असतं. हे मला माझ्याच घरात, माझ्याच तोंडानं कबूल करायचं नव्हतं. तुझी खुर्ची जात होती आणि मी माझी अब्रू सांभाळत होतो.

तुझं पत्र वाचून आधी कापड काढलं. ठिपका कुठं असावा? जिथं वीस तारखेच्या सकाळी होता, अगदी तिथं. माझ्या पेन्सिलीच्या खुणेवर येऊन बसलेला. आता विचार कर. लोखंडानं तो हलला असता तर हललेलाच राहिला असता, कारण कपाट तर वरच आहे. कपाट गेलं नाही, ठिपका मात्र घरी परतला. वादळ येतं, भडकतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं, कपाट ओसरत नाही. एवढं न कळायला मी काय कालचा होतो? पण पहिल्या क्षणी मनात लोखंड आलं ते आलं. आमच्या धंद्यात प्रत्येकाला ही खोड असते. आभाळाआधी खिशात बघायचं.

मग वर गेलो. बाईंनी दार उघडलं, म्हणाल्या, "आलात? आज काय हललं?"

म्हणालो, "मीच."

त्यांनी आत घेतलं. मी सगळं सांगितलं, तुझंही. त्या जराही आठवत बसल्या नाहीत. "पाच ते सहा माझा वर्ग. वर्ग चालू असताना मी नवऱ्यालासुद्धा दार उघडत नव्हते, कपाटाची काय कथा! हमाल गाडीपाशी थांबले होते. सहा वाजता वर्ग सुटला, तेव्हा कुठं कपाट गाडीतून उतरलं." गाडी कुठं उभी होती विचारलं, तर रस्त्याच्या पार त्या टोकाला. "अकरा विद्यार्थिनी आहेत माझ्या, त्यांना विचारा. आणि त्या दिवशी तुम्ही मला बोललात ते?" मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "नुसती नको. तो ठिपका दाखवा मला एकदा." आणि जे सांगितलं ते स्वतःच्या हातानं लिहून दिलं, खाली सही केली.

वहीचं पान सोबत पाठवतो आहे. वेधशाळेचा नियम, खोडायचं नाही, एकच रेघ मारायची, म्हणून आकडे सगळे वाचता येतात. लाल शेऱ्याखाली मी आज लिहिलंय, 'वरील रद्द करणे रद्द. चूक निरीक्षकाची.' सही, तारीख, पत्ता.

रागाव हवी तेवढी. पण हे दाखव.

तुझा मामा


११ एप्रिल

प्रिय मामा,

'चूक निरीक्षकाची' वाचलं आणि नटबोल्टांच्या पेटीवर बसून रडले. स्टोअरकीपरला वाटलं बोटाला लागलं. त्यानं पट्टी आणून दिली, मग ती बांधूनच घेतली.

पान समितीला दिलं. पान-हलत-नव्हतंवाले साहेब म्हणाले, "हे काय? आधी खरं, मग खोटं, मग परत खरं! आणि लिहिणारे तुमचे सख्खे मामा." पण समितीत एक वयस्कर इंजिनिअरबाई आहेत, त्यांनी ते पान बराच वेळ हातात धरलं. मग म्हणाल्या, "पाच बावीसला ठिपका, पाच सव्वीसला फोन. त्या फोनवर आवाजाचं बोलणं झालं असेल, तर या मुलीला दुसरं काही सिद्ध करायची गरज नाही." म्हणजे गाडं परत काकांपाशी येऊन अडलं.

नियमाप्रमाणे पानाच्या प्रती ज्यांचे ज्यांचे जबाब झाले त्या सगळ्यांना पाठवल्यात. मी काकांना फोन केलेला नाही. आठ महिने राहिलेत त्यांचे निवृत्तीला, आणि मी त्यांची वरिष्ठ. मी फोन केला तर ती विनंती राहणार नाही, दटावणी होईल. त्यांचा राग यावा म्हणून खूप प्रयत्न करते, येत नाही.

अठराला जे व्हायचं ते होईल. तू वर गेलास, मला पुरे. बावीस पायऱ्या, आणि तुझे गुडघे!

कविता पाठव आता.

तुझी फ्यूज


१४ एप्रिल

प्रिय फ्यूजबाई,

कविता पाठव म्हणतेस, पण कालपासून इथं एक जिवंतच चालू आहे. वरच्या बाई ठिपका बघायला आल्या, त्यांच्या मागोमाग अकरा जणी. खोलीत अंधार करून सगळ्या भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसल्या. शाळेत नवं पुस्तक वाटायचे तेव्हा वर्ग असा गप्प व्हायचा. ठिपका शांत होता, किंचित डोलत होता, झोपेत श्वास घ्यावा तसा. बाई हळूच म्हणाल्या, "हा एक सूर धरून बसलाय." मी जन्मभर त्याचे आकडे लिहिले, असं कधी सुचलं नव्हतं मला.

त्या गेल्यावर किती तरी वेळ मी दिवा विझवला नाही. वाटलं, केवढा हा पसारा! सूर्यापासून इथवर कोट्यवधी मैल, मधे काही नाही, आणि शेवटी एका म्हाताऱ्याच्या भिंतीवर नखाएवढा उजेड. त्या उजेडावर तुझी खुर्ची अडकून राहावी, हे काही बरं नाही. मी अठराला तिथं येतो म्हणतोय. समितीपुढं उभा राहून सांगेन, चूक कशी झाली ते. ऐकू आलं नाही तर तू मला कोपरानं ढोस.

बेल वाजतेय. या वेळी कोण? बाईंचा तर वर्ग चालू आहे. थांब.

पुन्हा बसलोय लिहायला. घाईनं लिहितोय, अक्षर समजून घे.

दारात एक गृहस्थ उभे होते. पांढरे केस, धुळीनं भरलेल्या चपला, हातात घडी पडलेला एक कागद. किल्ल्यांचा जुडगा, पक्कड आणि मनगटावरचं घड्याळ त्यांनी आधीच काढून बाहेर पायरीवर मांडून ठेवलं होतं. जरा मोठ्यानं बोला म्हटलं, तर ते इतक्या मोठ्यानं बोलायला लागले की मला सबंध ऐकू आलं.

"ही सही तुमची?"

"माझी."

"मी डोंगराकडच्या सबस्टेशनचा ऑपरेटर. तुमच्या भाचीला, म्हणजे आमच्या मॅडमना, फोन केला होता तो मीच."

मी आत या म्हटलं. ते उंबऱ्यातून हलेनात.

"आधी ऐकून घ्या, मग आत बोलवायचं की नाही ते ठरवा. दुसऱ्या दिवशी साहेब आले. म्हणाले, सगळी मीटर ठीक आहेत, तुझ्याच कानात वाजत असेल. डॉक्टरकडे गेलो, त्यांनी कानात घालायला थेंब दिले. मलाही वाटलं, वय झालं, भास झाला. माझ्या भासापायी शहर अंधारात गेलं, पोरीची खुर्ची गेली. हे चारचौघांत बोलायची लाज वाटली. म्हणून तेलाच्या पातळीचं सांगून मोकळा झालो. मग परवा हा कागद आला." त्यांनी घडी उलगडली, लाल रेघेखालच्या आकड्यावर बोट ठेवलं. "तुम्हालाही आधी भासच वाटला होता ना? एवढंच सांगा. पाच बावीसला तुमच्या भिंतीवर खरंच काही हललं होतं?"

"हललं होतं," मी म्हणालो. "चांगलं चार बोटं."

त्यांनी डोळे मिटले, डोळ्यांच्या कडा पुसल्या. म्हणाले, "मग अठराला मी समितीपुढं उभा राहतो. जबाब फिरवला म्हणून काय करायचं ते करू देत मला. तो ट्रान्सफॉर्मर कसा ओरडत होता ते मी तोंडानं काढून दाखवतो साहेबांना."

आणि तिथंच, उंबऱ्यात उभं राहून, गाल फुगवून त्यांनी तो आवाज काढला. वर बाईंचा वर्ग चालू होता. तो थांबला.